दरवाजा कोणी उघडला?

पावसाळ्यात राधानगरी धरणाची बातमी कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एका ओळीत येते : अमुक क्रमांकाचा स्वयंचलित दरवाजा उघडला. पाठोपाठ गावोगावच्या गटांत चर्चा झडते, 'दरवाजा कोणी उघडला?'

बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढले. १९२८ मध्ये पुण्यात 'सृष्टिज्ञान' निघाले, १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. या परंपरेत घटनेइतकेच तिच्यामागच्या कारणालाही मोल होते. मोबाइलवरच्या ओळीतून नेमके ते कारण गळते.

राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले भोगावतीवरचे हे धरण मध्यंतरी रखडून १९५० च्या दशकात पूर्ण झाले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे माणूस उघडत नाही. पाणी ठरावीक पातळीपुढे गेले की दरवाजा आपोआप उघडतो, पातळी उतरली की मिटतो. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्येच खडकवासल्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले होते.

तेव्हा माझ्या मते प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. मात्र दरवाजा स्वयंचलित म्हणून जबाबदारी संपत नाही. जुलैत धरण किती भरू द्यायचे, वीजगृहातून आधी किती पाणी सोडायचे, हे माणसेच ठरवतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ चे महापूर सोसलेल्या नदीकाठाने विचारायला हवे ते हे : दरवाजा उघडण्याच्या आठवडाभर आधी धरणात पाणी किती होते?