स्वरलिपीची मांडणी

हिंदुस्थानी संगीताची विद्या शतकानुशतकें कंठांतून कंठांत उतरत आली. गुरूनें गावें आणि शिष्यानें तें ऐकून मुखोद्गत करावें, हीच रीत. पण उस्ताद निवर्तला कीं त्याच्या कित्येक चिजाहि त्याच्याबरोबर जात. ज्या उरत, त्या तोंडोतोंडीं बदलत. ही ठेव कागदावर उतरली पाहिजे, हें ओळखणाऱ्यांत तिघे अग्रणी होत : १८८६ सालीं बडोद्यास गायनशाळा चालविणारे मौलाबक्ष, १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापणारे पं. विष्णु दिगंबर पलुसकर, आणि मुंबईचे पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६).

पाश्चात्यांच्या पांच रेघांत स्वराची उंची ठरलेली असते. आपला षड्ज मात्र गवयाच्या गळ्याप्रमाणें बदलतो. म्हणून सा, रे, ग, म हीं अक्षरेंच सोयीचीं ठरलीं. प्रश्न उरला तो कालमानाचा. पलुसकरांनीं प्रत्येक स्वराखालीं त्याच्या मात्रेचें चिन्ह दिलें. त्यांत अर्ध्या-पाव मात्रेचा हिशेब चोख राहतो. पण वाचणाऱ्यास चिन्हामागून चिन्ह ओळखावें लागतें.

भातखंड्यांनीं चिन्हें थोडीं ठेविलीं आणि भिस्त मांडणीवर ठेविली. कोमल स्वराखालीं आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकास खालीं टिंब, तार सप्तकास वर. स्वर लांबला तर पुढें आडवी रेघ, शब्दाचें अक्षर लांबलें तर अवग्रह. एका मात्रेंत अनेक स्वर आले तर त्यांखालीं अर्धचंद्र. वरच्या ओळींत स्वर, त्यांच्या बरोबर खालीं गीताचे शब्द. समेस फुली, कालास शून्य, आणि तालाचे खंड उभ्या रेघांनीं वेगळे. त्रितालाच्या १६ मात्रा अशा चार घरांत बसल्या म्हणजे कोणतें अक्षर समेवर पडतें, तें पाहतांक्षणींच कळतें. पुष्कळ चिजा नवव्या मात्रेवरून, म्हणजे कालापासून उठतात. तेथें ओळहि कालापासूनच सुरू होते आणि सम तिच्या मध्यावर येते.

याच लिपींत क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांतून शेंकडों घराणेदार चिजा छापल्या गेल्या. एका घराण्याच्या उंबरठ्याआड राहिलेलें धन त्यामुळें शाळांत व घरोघरीं पोंचलें.

अर्थात् लिपीचीहि एक मर्यादा आहे. मींड कमानीनें व कण बारीक अक्षरानें दाखवितां येतो. पण ती मींड किती सावकाश घ्यावी, स्वरावर किती विसावावें, हें गुरूवांचून कळत नाहीं. तरीहि चीज मूळची कशी होती, याची साक्ष आज कागद देतो, आणि गुरु-शिष्यांस तिच्याशीं आपलें गाणें ताडून पाहतां येतें.