कागदावर येण्याची भीती

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने पहाटे पळणाऱ्या पोरांत पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारे असतात. यातल्या कुणाला महिनोन्‌महिने झोप लागत नसली, तर घरातूनच सल्ला मिळतो, ‘डॉक्टरकडे जाऊ नको, कागदावर आलं की पडताळणीत अडकशील.’ वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीत लागू पाहणाऱ्यांनाही हेच ऐकावं लागतं. सल्ला मायेपोटी असतो, पण तो चुकीचा आहे आणि जिवावर बेतणाराही.

यात मुळात दोन वेगळ्या तपासण्यांची गल्लत होते. चारित्र्य पडताळणीच्या फॉर्मात अटक, खटले, शिक्षा आणि राहण्याचे पत्ते विचारतात. पोलीस आपल्या ठाण्याच्या नोंदी पाहतात; दवाखान्याचे केसपेपर तिथे नसतात. मानसिक उपचारांची माहिती तर 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 नुसार गोपनीयच असते. न्यायालयाचा आदेश, सार्वजनिक सुरक्षा असे मोजके अपवाद आहेत. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे.

राहिली वैद्यकीय तपासणी. इथे पूर्वपक्षाचा युक्तिवाद बिनतोड वाटतो: निदानच झालं नाही, तर लपवलं काय? पण केंद्रीय सेवांसाठी उमेदवाराकडून जे निवेदन घेतात, त्यात दमा आणि हृदयविकाराबरोबर बेशुद्धीचे झटकेही विचारलेले असतात. झटके येतात की नाही, हे सांगायला निदान लागत नाही. आणि जाणूनबुजून दडवलं, तर नेमणूक धोक्यात येते, निवृत्तीच्या लाभांवरचा हक्कही. म्हणजे डॉक्टर टाळून वाचतं काहीच नाही. उलट हायड्रोसील किंवा पायाच्या फुगलेल्या शिरा वेळेत कळल्या, तर भरतीआधीच शस्त्रक्रिया करून घेता येते.

अपस्मार किंवा गंभीर मनोविकार असेल तर बंदुकीचं काम नाकारलं जाऊ शकतं, हे मला मान्य आहे. पण केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 2021 रोजी काय ठरवलं ते पाहा. नैराश्य आणि मंत्रचळाचं निदान झालेल्या या अधिकाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई न्यायालयाने रद्द केली. सध्याच्या कामाला तो अयोग्य ठरला, तर पगार आणि सेवाशर्ती कायम ठेवून त्याला दुसरं काम द्यावं, असं सांगितलं. त्या कामात शस्त्रं हाताळावी लागणार नाहीत, हे पाहण्याची मुभा दलाला दिली. त्याच्या बाजूने उभं राहिलं ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलेलं निदानच.