नियम कोठे लिहिले आहेत? : कॉन्फिगरेशन फाइलच्या स्थानाचा इतिहास व कल्याण-डोंबिवलीचा संदर्भ

प्रस्तावना :

१९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने शतकाच्या संधिकाळात आपल्या कामकाजाचे संगणकीकरण हाती घेतले. पुढे राज्य शासनाने हाच नमुना महाराष्ट्रातील अन्य नागरी स्थानिक संस्थांसाठी स्वीकारला. या घटनेचा विचार बहुधा सुशासनाच्या अंगाने होतो. तिची तांत्रिक बाजूही तितकीच विचारार्ह आहे. बहुतेक महानगरपालिका १९४९ च्या अधिनियमानुसार चालतात, तर नगरपालिका १९६५ च्या. करांचे दरही गावोगाव निराळे. डोंबिवलीचे नियम आज्ञावलीच्या पोटातच लिहिले, तर ती दुसऱ्या गावाला निरुपयोगी ठरते. म्हणून आज्ञावली एक आणि स्थानिक नियम तिच्या बाहेर, हे तत्त्व अपरिहार्य होते. परंतु बाहेर म्हणजे कोठे, आणि दोन ठिकाणी परस्परविरोधी नियम आढळल्यास कोणता ग्राह्य धरावा? अनेक सर्व्हरची देखभाल आपोआप करणाऱ्या साधनांच्या इतिहासात हाच प्रश्न अधिक स्पष्ट स्वरूपात दिसतो.

‘ईटीसी’ची परंपरा :

युनिक्स प्रणालीत ‘ईटीसी’ हे फोल्डर आरंभी नावाप्रमाणेच ‘इत्यादी’ होते. अन्यत्र न बसणाऱ्या फाइली, काही आज्ञावलीसुद्धा, तेथे ठेवल्या जात. लिनक्ससाठी १९९४ मध्ये फाइलरचनेचे मानक तयार झाले. त्यातून विकसित झालेल्या मानकाने हे फोल्डर त्या-त्या यंत्राच्या कॉन्फिगरेशनसाठी राखून ठेवले. याच सुमारास, १९९३ मध्ये, ऑस्लो येथे मार्क बर्जेस यांनी ‘सीएफइंजिन’ निर्माण केले. यंत्रांची स्थिती कशी असावी हे फाइलीत लिहावे आणि ती साधनाने राखावी, ही कल्पना त्यातून रूढ झाली. २००५ मधील ‘पपेट’ने तीच पुढे नेली. मात्र २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत पपेटने ‘ईटीसी’मधील आपल्या फोल्डरचे नाव ‘पपेट’ऐवजी ‘पपेटलॅब्स’ केले. जुन्या जागी फाइल दुरुस्त करून परिणामाची वाट पाहणे व्यर्थ ठरले.

मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये आणलेल्या ‘अ‍ॅन्सिबल’चा क्रम या दृष्टीने उद्‍बोधक आहे. (हे नाव उर्सुला ले ग्विन यांच्या १९६६ च्या कादंबरीतील तत्क्षणी संदेश पोहोचविणाऱ्या यंत्राचे.) ‘अ‍ॅन्सिबल-कॉन्फिग’ या पर्यावरण-चलाने दर्शविलेली फाइल प्रथम पाहिली जाते, ती नसल्यास चालू फोल्डरातील, नंतर वापरकर्त्याच्या होम फोल्डरातील आणि शेवटी ‘ईटीसी’मधील. सर्वांत निकटची सूचना श्रेष्ठ, असा हा न्याय आहे. पण पहिली फाइल सापडताच शोध थांबतो आणि उरलेल्या फाइली विचारातच घेतल्या जात नाहीत. ‘गिट’ आपल्या निरनिराळ्या पातळ्यांवरील फाइली एकत्र वाचते. अ‍ॅन्सिबल तसे करीत नाही. त्यामुळे प्रकल्पाच्या फोल्डरात एका ओळीची फाइल ठेवली, की ‘ईटीसी’मध्ये काळजीपूर्वक केलेली सर्व मांडणी मुकाट्याने निष्प्रभ होते. चूक दाखविणारा संदेश येत नाही, कारण साधनाच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ज्या फोल्डरात कोणीही लिहू शकतो, तेथे दुसऱ्याने आपली फाइल ठेवून साधनाला भलत्या आज्ञावलीकडे वळविणे शक्य असते. म्हणून अशा चालू फोल्डरातील फाइल अ‍ॅन्सिबल इशारा देऊन नाकारते. स्थानाचा प्रश्न येथे सोयीचा न राहता अधिकाराचा होतो.

अ‍ॅन्सिबल ‘पिप’ने स्थापित केल्यास ‘ईटीसी’मध्ये फाइल आपोआप निर्माण होत नाही; नवख्या व्यक्तीचा शोध अनेकदा येथेच अडतो. २०२१ च्या २.१२ आवृत्तीपासून ‘अ‍ॅन्सिबल-कॉन्फिग इनिट’ या आज्ञेने नमुना-फाइलीचा मजकूर मिळतो. प्रत्यक्ष कोणती फाइल लागू आहे, हे आवृत्ती विचारणाऱ्या साध्या आज्ञेच्या उत्तरातच छापलेले असते. फाइल बदलण्यापूर्वी ती ओळ वाचणे श्रेयस्कर.