काचगृहातून घराच्या ओसरीपर्यंत

एखादी विद्या माणसाच्या हाती कशी आली हे समजून घ्यावयाचे, तर यशाच्या वर्णनाआधी अपयशाची कारणे तपासावी लागतात. ऑर्किड, म्हणजेच आमरी, या वनस्पतींच्या संवर्धनाचा इतिहास या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

१८१८ साली ब्राझीलहून इंग्लंडात आलेले एक रोप विल्यम कॅटली या व्यापाऱ्याच्या काचगृहात फुलले. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये त्या प्रजातीस ‘कॅटलिया’ हे नाव दिले. धनिकांत ऑर्किडांचे वेड पसरले. परंतु आणलेल्या रोपांपैकी बहुसंख्य रोपे मरून जात. उष्ण प्रदेशातील वनस्पतीस कोंदट उष्णताच हवी, असा तेव्हाचा समज होता. म्हणून काचगृहे घट्ट बंद ठेवीत, भट्ट्या पेटत्या ठेवीत आणि रोपांची मुळे कुजत.

चॅट्सवर्थ येथील उद्यानपाल जोसेफ पॅक्स्टन याने १८३०नंतरच्या दशकात ही चूक सुधारली. त्याने काचगृहांत मोकळी हवा खेळविली, उष्णता कमी केली आणि निरनिराळ्या प्रदेशांतील रोपांसाठी निरनिराळे तापमान ठेवले. त्याच उद्यानातून १८३५ साली हिंदुस्थानात पाठविलेल्या जॉन गिब्सनने खासी टेकड्यांतून अनेक ऑर्किडे नेली.

ही सुधारणा यशस्वी का झाली, याचे उत्तर आपल्या सह्याद्रीतही मिळते. तेथील सीतेची वेणी झाडाच्या फांदीवर वाढते. पण त्या झाडाचा रस शोषीत नाही. तिची मुळे उघड्यावर असतात. पावसाने ती भिजतात आणि वाऱ्याने पुन्हा सुकतात. म्हणून घरी अशा जातींसाठी कुंडीत माती न घालता कोळसा, विटांचे तुकडे व नारळाची सोडणे घालावीत; कोवळे ऊन व खेळती हवा द्यावी आणि मुळे सुकू लागल्यावरच पाणी घालावे.

तरीही एक अडचण उरली. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. ते रुजण्यास कवकाचे साह्य लागते, हे फ्रान्सच्या नोएल बेर्नार याने १८९९ साली ओळखले. १९२२ मध्ये अमेरिकेत लुइस नड्सन याने क्षार, साखर व आगर यांच्या मिश्रणावर कवकावाचून बी रुजवून दाखविले. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल याने अंकुराग्राच्या ऊतीपासून रोपे वाढविण्याचा मार्ग खुला केला. श्रीमंतांचे फूल सामान्यांच्या ओसरीवर आले ते या तिघांमुळे.

या इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात संग्राहकांनी ऑर्किडांसाठी झाडे तोडली आणि रानेच्या राने रिकामी केली. १९७५ साली अंमलात आलेल्या ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारान्वये ऑर्किडांच्या व्यापारावर नियंत्रण आले. रोपवाटिकेतील रोप आज सहज मिळत असता रानातील रोप ओरबाडून आणण्यास कोणतेच समर्थन उरलेले नाही. विद्यार्थी मित्रहो, सीतेची वेणी रानातच पाहावी आणि घरी वाढवावे ते रोपवाटिकेतील रोप. शंभरांहून अधिक वर्षांच्या परिश्रमांनी ही सोय आपणांस मिळवून दिली आहे.