रिव्हॉल्व्हरचा परवाना : कोणाला मिळतो, कसा बाळगायचा आणि कुठे नेलं की अंगाशी येतं

शेतवस्तीवर चोरी झाली, आडतीची रोकड घेऊन येताना कुणी पाठलाग केला, नाहीतर भावकीच्या वादात धमकी आली, की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं : "एक परवाना काढून टाका, कमरेला असलं म्हणजे कुणी वाटेला जात नाही." या वाक्यात दोन चुका आहेत. परवाना मागून लगेच मिळत नाही. आणि रिव्हॉल्व्हर कमरेला दिसेल असं लावून फिरायची कायद्यात मुभाच नाही. परवाना काढायचा विचार असेल तर आधी पुढची माहिती शेवटपर्यंत वाचा.

परवाना कोण देतं?

देशभर शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 लागू आहेत. ग्रामीण भागात परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. तहसीलदार, आमदार किंवा पोलीस ठाणं परवाना देऊ शकत नाही. "पैसे द्या, आठ दिवसांत परवाना हातात" असं म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. परवान्याची नोंद देशपातळीवरच्या ऑनलाईन यादीत होते आणि प्रत्येक परवानाधारकाला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. त्यामुळे बनावट परवाना फार काळ लपत नाही.

कोणाला मिळतो?

वय 21 पूर्ण हवं. अर्ज ए-1 नमुन्यात ऑनलाईन भरायचा असतो. सोबत ओळख व पत्त्याचा पुरावा, फोटो, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, हत्यार घरात सुरक्षित ठेवण्याची हमी आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. धंदा किंवा मालमत्तेमुळे धोका आहे असं म्हणणं असेल तर त्याचे कागद जोडावेत.

नंतर अर्ज पोलिसांकडे अहवालासाठी जातो. ठाण्याचे अधिकारी तुमच्यावरचे गुन्हे, गावातले वाद आणि तुम्ही सांगितलेला धोका खरा आहे का, हे तपासतात. पोलीस पाटलाकडेही विचारणा होऊ शकते. पूर्वी धमकी आली असेल आणि तुम्ही तक्रार दिली असेल, तर तिची प्रत कामाला येते. धमकी आली पण कुठेच नोंद नाही, अशा वेळी धोका पटवून देणं अवघड जातं.

"माझी ऐपत आहे, मला हवंय" हे कारण पुरत नाही. व्यवसाय, काम किंवा परिस्थितीमुळे जीव वा मालमत्ता वाचवण्याची खरी गरज दाखवावी लागते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागता येतं आणि वरच्या अधिकाऱ्याकडे मुदतीत अपील करता येतं.

एक गोष्ट बरेच शेतकरी विचारतात. रानडुकरांपासून पीक वाचवायला रिव्हॉल्व्हर मिळतं का? नाही. पीक संरक्षणाचा परवाना वेगळा असतो आणि तो लांब नळीच्या बंदुकीसाठी असतो. शिवाय तो परवाना हातात असला तरी वन्यप्राणी मारण्याची परवानगी आपोआप मिळत नाही. त्यासाठी वनखात्याचे नियम वेगळे आहेत.

कोणतं हत्यार?

सर्वसामान्य परवान्यावर बहुतेक जण .32 बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतात. सहा गोळ्यांचं हे हत्यार सरकारी आयुध कारखान्यात बनतं. 2014 साली महिलांना डोळ्यासमोर ठेवून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कारखान्याने आणलं होतं. ते साधारण अर्धा किलो वजनाचं आणि किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. म्हणजे लहान दिसलं तरी खर्च लहान नाही. स्वयंचलित हत्यारं सामान्य माणसाला ठेवता येत नाहीत.

खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा कारखान्याकडूनच करायची. दुसऱ्या परवानाधारकाचं जुनं हत्यार घेता येतं, पण विकणाऱ्याने 45 दिवस आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यातच लिहिलेलं असतं.

2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांसाठी असतो. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका. मुदत संपलेला परवाना आणि घरात हत्यार, हे पोलिसांच्या लेखी विनापरवाना हत्यारच.

बाळगायचं कसं?

सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर नेताना ते होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. शर्टाखाली झाकलेलं होल्स्टर चालतं. बुलेटवर बसून कमरेचं हत्यार दाखवणं चालत नाही. बाहेर काढून कुणाला दम देणं तर मुळीच नाही. हत्याराबरोबर परवाना कायम जवळ ठेवा, पोलिसांनी मागितला की दाखवावा लागतो. परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभरासाठी, हेही त्यात लिहिलेलं असतं. जिल्ह्यापुरता असेल तर शेजारच्या जिल्ह्यात लग्नाला जाताना हत्यार घरीच ठेवायचं.

परवान्याच्या अटीनुसार जत्रा, धार्मिक मिरवणूक, जाहीर सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात खास परवानगीशिवाय हत्यार नेता येत नाही. म्हणजे गावची यात्रा, पालखी, गणपतीची मिरवणूक, प्रचारसभा, झेडपीच्या शाळेचं मैदान, सगळं यात आलं. अट मोडली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परवाना रद्द होतो तो वेगळाच.

हळदीला, वरातीत हवेत गोळीबार करण्याची हौस अजून गेलेली नाही. निष्काळजीपणाने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात आणला, तर 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गोळी कुणाला लागली तर पुढची कलमं वेगळी. हवेत गेलेली गोळी खाली येते, ती वऱ्हाड्याच्या डोक्यात की मांडवात, हे कुणाला माहीत? हत्यारासोबतचा फोटो स्टेटसला ठेवणंही महागात पडतं. असा फोटो पोलिसांच्या हाती लागला तर परवाना तपासायला तेवढं निमित्त पुरतं.

घरात ठेवताना

हत्यार कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. उशीखाली, कपाटावर, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नाही. घरात पोरं असतील तर चावी कुठे आहे हेही त्यांना माहीत नको. हातात घेतलं की आधी चक्री उघडून गोळी आहे का बघा, नळीचं तोंड माणसाकडे कधीच नको, आणि गोळी झाडायची नसेल तोवर बोट ट्रिगरच्या बाहेर.

परवाना ज्याच्या नावावर, हत्यार त्याच्याच हातात. भावाला, ड्रायव्हरला, सालगड्याला "जरा जवळ ठेव" म्हणून देणं हा गुन्हा आहे. परवानाधारक वारला तर वारसांनी हत्यार घरात न ठेवता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं. मग आपल्या नावावर परवाना मागायचा की विकायचं, ते ठरवा. हरवलं किंवा चोरीला गेलं तर त्याच दिवशी ठाण्यात कळवा.

निवडणुकीच्या काळात हत्यार जमा करण्याचा आदेश आला तर जमा करून पावती घ्या. निकालानंतर पावती दाखवून परत मिळतं.

गोळी कधी चालवता येते?

परवाना म्हणजे हत्यार बाळगण्याची परवानगी. गोळी चालवण्याचा हक्क वेगळ्या कायद्यातून येतो. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाविषयी आहेत. समोरच्याच्या हल्ल्यात मृत्यू किंवा गंभीर इजा होईल अशी खरीखुरी भीती असेल, दरोडा पडत असेल, किंवा सूर्यास्तानंतर नि सूर्योदयाआधी घर फोडून कुणी आत शिरत असेल, तर समोरच्याचा जीव गेला तरी बचाव करता येतो. पण कलम 37 ची मर्यादा आहे : पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही.

याचा साधा अर्थ असा. मोटार चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर गुन्हा तुमच्यावर. बांधावरून शिवीगाळ झाली आणि रिव्हॉल्व्हर काढलं, तरी गुन्हा तुमच्यावर. आणि बचाव खरा होता हे पुढे कोर्टात दाखवावं लागतं, त्यात वर्षं जातात.

गावठी कट्टा नकोच

परवान्याला वेळ लागतो म्हणून कुणी स्वस्तात कट्टा आणून देतो म्हणालं तर लक्षात ठेवा : विनापरवाना अग्निशस्त्र जवळ सापडलं तर किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड. जीव वाचवायला घेतला होता, हे कारण तिथे चालत नाही. शिवाय कट्टा हातातच फुटण्याचा धोका असतो.

मग घ्यायचं की नाही?

रोज रोकड घेऊन एकट्याने ये-जा करणाऱ्याला, खरी धमकी असलेल्याला परवान्याचा उपयोग आहे. वस्तीवर रात्री कुत्री भुंकली म्हणून मात्र कुलपातलं रिव्हॉल्व्हर काढून काडतुसं भरेपर्यंत चोर आत आलेला असतो. तिथे मजबूत दार, अंगणात दिवा, शेजारच्या वस्तीशी ठरवलेली हाक, ग्रामसुरक्षा दल आणि 112 नंबर आधी कामाला येतो. हे सगळं करूनही धोका उरत असेल तरच अर्ज करा. आणि हत्यार चारचौघांना दाखवायची इच्छा मनात असेल, तर अर्जच करू नका.