पेटीतलं चाक

टेमघरात वीज गेली की ते डोळ्यांआधी कानांना कळतं. दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रमागांचा, म्हणजे लूमचा, खडखडाट एकदम थांबतो आणि पलीकडच्या चाळीत कुणी कुणाला मारलेली हाकसुद्धा स्वच्छ ऐकू येते. (हे टेमघर भिवंडीचं. मुळशीकडचं धरणाचं टेमघर वेगळं.) अशाच एका बंद पडलेल्या दुपारी, मी दहा-अकरा वर्षांची असताना, आजीने ट्रंकेतून एक लाकडी पेटी काढली. जाडजूड पोथीएवढी. दोन कड्या सरकवल्या, झाकण उघडलं, आत दोन चाकं झोपवून ठेवलेली होती, एक मोठं आणि एक छोटं. आजी वर्ध्याकडची. मांडीशी पेटी ओढून तिने चाक फिरवायला सुरुवात केली आणि कापसाच्या पेळूतून सुताची तार निघाली. आवाज भुंग्याच्या गुणगुणण्याएवढा. लूम चालू असताना तो कधी ऐकूच आला नसता.

मी कातायला बसले की तार तुटायची आणि मला रडू यायचं. आजी म्हणायची, "तुटली त तुटली. जोड तिले." पेळूचं टोक तुटल्या तारेला नुसतं टेकवायचं, चाक थोडं फिरवायचं, की पीळ दोघांना धरतो. गाठ लागत नाही. कातण्यातली पहिली शिकवण हीच.

ही पेटी कुठून आली, तिचं कूळ काय, हे शोधताना मला एक गोष्ट सतत भेटत राहिली. तिची आई म्हणावी अशी जी वस्तू, ती आपल्या बोलण्यात अजून जिवंत आहे. जो सारखा बोलतो त्याच्या तोंडाची टकळी चालू असते, असं आपण म्हणतो. टकळी म्हणजे हाताने फिरवायची चाती, खाली चकती असलेली बारीक काडी. तिला चाक नाही, पेटी नाही, बसायला जागाही लागत नाही. धनगर मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत आले ते अशाच फिरत्या काडीवर. त्या लोकरीची घोंगडी सनगर खड्ड्याच्या मागावर विणतात, तिला चिंचोक्याची खळ देतात. माग एका जागी रोवलेला असतो, कातणं मात्र पायांबरोबर चालतं. म्हणून हातकामांत सर्वांत फिरस्तं काम कोणतं असेल तर ते कातण्याचं, असं मला वाटतं. आणि बडबडीला टकळीचं नाव मिळालं त्यात नुसतं फिरणं नसावं. कातणाऱ्या बायकांचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. ही माझी समजूत आहे, पण कातायला बसलेल्या बायका ज्याने पाहिल्या आहेत तो ती खोटी म्हणणार नाही. दोन माणसांचं पटलं की मराठीत त्यांचं 'सूत जमतं', हेही त्याच घरातलं.

आपल्या मातीत सुताचं वय फार मोठं आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या चमूने उत्खनन केलं तेव्हा एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याचे मणी मिळाले. त्या मण्यांत ओवलेल्या धाग्याचे अवशेष टिकून होते. ताम्रपाषाण युगातली, तीन हजार वर्षांहून जुनी ही गोष्ट. कुणी तरी आपल्या लेकरासाठी तो धागा कातला होता. त्या काळी चरखा नव्हता. हाती असणार ती चातीच.

चाकाचा चरखा बराच उशिरा आला. भारतातला त्याचा जुना, निःसंशय उल्लेख फार्सी काव्यात सापडतो, आणि ते काव्य दख्खनमध्ये लिहिलेलं आहे. महंमद तुघलकाने दिल्लीकरांना देवगिरीला हलवलं, त्या लोंढ्यात इसामी हा मुलगा आला. पुढे बहमनी सुलतानाच्या आश्रयाने त्याने 1350 मध्ये 'फुतूहुस्सलातीन' पूर्ण केलं. त्यात सुलताना रझियाला नावं ठेवताना तो म्हणतो, बाईने सिंहासनावर नव्हे, चरख्यापाशी बसावं. बाईला कमी लेखण्यासाठी लिहिलेल्या या ओळींतूनच इतिहासकारांना चरख्याचा माग लागला. तेव्हापासून पाचशे-सहाशे वर्षं चरखा घरात राहिला. मोठं उभं चाक, लांब पाट, एक अख्खा कोपरा अडवणारा. घरातल्या जात्यासारखाच, हलवायचा नाही असा.

त्या कोपऱ्यातून तो बाहेर पडला तो विसाव्या शतकात. गांधीजींनी 1909 मध्ये 'हिंद स्वराज' लिहिलं तेव्हा त्यांनी चरखा पाहिलेलाही नव्हता, माग आणि चरखा यांत फरक काय हेही त्यांना नीट ठाऊक नव्हतं. तसं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. साबरमती आश्रमात आधी माग आले, आणि सूत गिरणीचं. चालू चरखा सापडला तो गंगाबेन मजमुदार यांना, बडोदे संस्थानातल्या विजापूरला. पुढची चक्रं झरझर फिरली. 1924 मध्ये काँग्रेसच्या सभासदाने महिन्याला 2,000 वार सूत द्यावं, असं ठरलं. त्याच वर्षी बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन भरलं. ते अध्यक्ष झाले असं हे एकमेव अधिवेशन. 1925 मध्ये चरखा संघ निघाला.

आता अडचण अशी की सभासद वकील, शिक्षक, विद्यार्थी, आणि सतत आगगाडीत. घरातला कोपरा पाठीवर बांधून कसा न्यायचा? प्रवासात नेण्याजोगे घडीचे चरखे करून पाहिले गेले. 1929 मध्ये चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. अट अशी की किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, खेड्यातल्या बाईला झोपडीत तो फार कष्ट न पडता चालवता यावा, आणि आठ तासांत 16,000 फूट सूत निघावं. ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही. ज्या चाकाने पुढे घराघरांत जागा मिळवली ते कुठल्याही स्पर्धेत नव्हतं. ते पुण्याच्या यरवडा तुरुंगातून आलं.

यरवड्याशी गांधीजींचा आणि चरख्याचा संबंध 1922 चा. तिथे आल्या आल्या त्यांना चरखा नाकारण्यात आला. रोज कातण्याचं व्रत आहे, ते मोडण्यापेक्षा जेवण सोडीन, असं त्यांनी सांगितल्यावर तो मिळाला. पुन्हा मे 1930 पासून जानेवारी 1931 पर्यंत ते तिथेच होते. सोबतीला काही काळ काका कालेलकर होते, जन्माने साताऱ्याचे. दांडीचा गदारोळ संपलेला, हाती वेळ भरपूर, जागा बेताची. या मुक्कामात चरख्याची जुळणी पुन्हा पुन्हा बदलून पाहिली गेली आणि त्यातून दोन चाकांचा पेटी चरखा आकाराला आला. गांधीजी त्याला 'यरवडा चक्र' म्हणत. आजही तेच नाव चालतं.

त्यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. चातीने एका क्षणात खूप गिरक्या घ्याव्यात म्हणून जुन्या चरख्याचं चाक मोठं असे. मोठ्या चाकावरून दोरी, म्हणजे माळ, थेट चातीवर जाई. चाक लहान केलं तर गिरक्या कमी होतात, सुताला पीळ बसत नाही. यरवडा चक्रात मधे दुसरं चाक घातलं, त्याला गतिचक्र म्हणतात. हात फिरवतो ते मोठं चाक. त्याची माळ गतिचक्राच्या बारीक कण्याला फिरवते आणि गतिचक्राच्या कडेवरची दुसरी माळ चातीला. वेग दोनदा गुणला जातो. त्यामुळे उंच चाकाची गरजच उरली नाही, चाकं आडवी झोपवता आली, आणि झोपवता आली म्हणून झाकण लावता आलं. त्याच पेटीत चाती ठेवायला खाच आणि पेळूंना जागा. कातून झालं की सगळं आत, कडी लावायची, काखेत मारायची. कोठडीच्या मापात चाक बसवायचं होतं, म्हणून ते जगाच्या कुठल्याही खोलीत बसू लागलं. मला या यंत्राचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

आणि ते नुसतं सुताचं यंत्र राहिलं नाही. 1932 मध्ये गांधीजी पुन्हा यरवड्यात होते, या वेळी वल्लभभाई पटेल आणि महादेवभाई देसाई बरोबर. कोपर दुखू लागलं तेव्हा कातणं थांबवण्याऐवजी त्यांनी हात बदलून पाहिला, पायाने चालणारा मगन चरखा घेतला. त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते, साने गुरुजी उतरवून घेत होते, आणि त्या पिढीच्या राजबंद्यांना कातणं हे अन्नासारखंच रोजचं होतं. बंद दाराआड माणसाला सर्वांत जड जातो तो वेळ. कातताना वेळ मोजता येतो: चार फुटांची एक तार, 160 तारांची एक लट, चार लटींची म्हणजे 640 तारांची एक गुंडी. संध्याकाळी सूत गुंडाळायच्या फाळक्यावर दिवस गुंडाळलेला दिसतो. ज्याच्याकडून बाकी सगळं काढून घेतलं आहे त्याच्या हातात काहीतरी पूर्ण झालेलं असतं.

ते सूत भिंतीबाहेरही जाई. जवाहरलाल नेहरूंनी तुरुंगात कातलेल्या सुताची साडी इंदिरेने 1942 च्या मार्चमध्ये लग्नात नेसली. दोन वर्षांनी, 22 फेब्रुवारी 1944 ला, यरवड्याजवळच्या आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असतानाच कस्तुरबा गेल्या. त्यांना अखेरचं नेसवलं ती साडी गांधीजींनी कातलेल्या सुताची होती. साठहून जास्त वर्षांच्या संसारात या दोघांचे खटके किती उडाले हे जगाला माहीत आहे. शेवटी त्या हातांनी त्या देहासाठी केलेली ही एक गोष्ट होती. याहून जास्त मला त्यावर लिहिता येत नाही.

महाराष्ट्राने या चाकाला आणखीही रूपं दिली. चंद्रपूरकडच्या सावलीचं खादी केंद्र एवढं नावाजलं की 'सावली चरखा' असा एक प्रकारच झाला. वर्ध्याला डिसेंबर 1938 मध्ये मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ मगन संग्रहालय उघडलं. पण आमच्या आईवडिलांच्या पिढीला विचाराल तर त्यांना आठवेल ती शाळेतली टकळी. 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेतून नई तालीम आली आणि मूलोद्योगाच्या शाळांत पहिलीपासून सूतकताई सुरू झाली, पुढे चरखा, मग छोट्या मागावर आसनं आणि पट्ट्या. पितळी टकळी नसेल तर कौलाचा तुकडा घासून गोल करायचा, मधे भोक पाडून बांबूची काडी बसवायची. सूतकताईचा तास म्हणजे गप्पांचा तास, असं त्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो. म्हणजे दोन्ही टकळ्या एकदमच चालायच्या. मुलांना गणित आणि भूगोल सुतातून शिकवायचा मूळ विचार फार शाळांत पोहोचला नाही, तास उरकला गेला, आणि काही वर्षांत वेळापत्रकातून गेला. यात मुलांचं नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि भिवंडी? हे गाव कापडाचंच. 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग मांडले, तेलंगणातून पद्मशाली आले, पद्मानगर वसलं. त्या घरांतही चरखा होता, पण कातायचा नव्हे, धोट्यात घालायच्या कांड्या भरायचा. बाप्ये मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत, बायका आणि पोरं कांड्या भरत. 1930 च्या आसपास इथे यंत्रमाग येऊ लागले. म्हणजे यरवड्यात चाक लहान होत होतं त्याच सुमारास आमच्याकडे माग मोठा, लोखंडी आणि विजेचा होत होता. त्या मागाने लाखोंना भाकरी दिली आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच्याजवळ बसून कुणाला बोलता येत नाही. लूमवरचा कामगार हाताच्या खुणांनी बोलतो, आणि आयुष्यभर त्या आवाजात उभं राहिल्यावर घरीही मोठ्याने बोलतो. आजीच्या पेटीपाशी मात्र आमच्या शेजारची तेलुगू काकू येऊन बसायची. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम येई. काकूच्या आईने कांड्या भरलेल्या. ती पेळू हातात घेऊन बोटांनी कापूस पाहायची, मान हलवायची. आजी तार ओढायची. आजी गेली त्या आठवड्यात काकूने ती पेटी स्वतः पुसून ट्रंकेत ठेवली.

गांधीजींनी यरवड्यात वापरलेला एक पेटी चरखा त्यांनी फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला दिला होता. नोव्हेंबर 2013 मध्ये इंग्लंडमधल्या लिलावात त्याला 1 लाख 10 हजार पौंड आले. आजीच्या पेटीला तेवढे कुणी देणार नाही. वर्ध्याच्या गोपुरीत ग्रामसेवा मंडळ आजही नवे पेटी चरखे करतं, ते सामान्य घराला परवडतात.

पण आधी घरातला माळा पाहा. अशी एखादी पेटी पुष्कळ मराठी घरांत पडून आहे, कुणी स्वातंत्र्यसैनिक आजोबांची, कुणी शिक्षिका आत्याची. सापडली तर भंगारात देऊ नका. माळ कुजलेली असेल, ती सुताचा पीळ घालून घरीच होते. चाती वाकली असेल तर काचेवर घरंगळवून पाहा, कुठे वाकली ते दिसतं. कण्याला थेंबभर तेल द्या. आणि शिकायला एकटे बसू नका, कुणाला तरी शेजारी बसवा.