तिले कोनं इचारलं?

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पणजोबा कसे गेले, ही गोष्ट आजी मोठ्या अभिमानानं सांगायची. पक्षाघातानं अंथरूण धरलेल्या पणजोबांनी एके सकाळी ताट बाजूला सारलं आणि आता जेवण नको म्हणाले. वैद्यानं नाडी पाहिली, थोरल्या मुलाला ओसरीवर नेऊन मान हलवली आणि पैसे न घेता निघून गेला. मग खाटेवरून खाली घोंगडीवर घेणं, तोंडात गंगाजल, तुळशीचं पान, रात्री भजन. आठवड्याभरात आटोपलं. "बुढा आपल्या मर्जीनं गेला," आजी म्हणायची. कागद नाही, सही नाही, सरकार तर वेशीच्या आतही आलं नव्हतं.

याच जिल्ह्यात धाम नदीकाठी, पवनारच्या आश्रमात, 1982च्या नोव्हेंबरमध्ये विनोबा भावे यांनी अन्न आणि औषध नाकारलं. आजीचे भाऊ तेव्हा सायकलवरून दर्शनाला गेले होते. सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांना डॉक्टर विनवत होते आणि ते शांतपणे नकार देत होते, हे सांगताना आजीच्या भावांचा आवाज भरून यायचा. विनोबा 15 नोव्हेंबरला गेले. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम 309 तेव्हा कायद्यात होतं, पण ते आश्रमाच्या पायऱ्या चढलं नाही. चढायला नकोच होतं. मात्र पुढे तेच कलम मुंबईतल्या मारुती दुबळ नावाच्या, मानसिक आजारानं गांजलेल्या पोलीस शिपायावर लागलं. 1986 साली मुंबई उच्च न्यायालयानं त्याच्या खटल्यात ते कलम घटनाबाह्य ठरवलं. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ते वैध असल्याचं सांगितलं. दोघांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक, हे मान्य. तरी महात्म्याची मर्जी आपण मर्जी म्हणून ऐकली आणि शिपायाच्या दुःखावर आधी कलम लावलं, हे मला विसरता येत नाही.

आजीची दुसरी गोष्ट मात्र तिनं फार उशिरा सांगितली, तीही माजघरात, आवाज खाली करून. तिची थोरली जाऊ विधवा होती, मूलबाळ नव्हतं, नवऱ्याच्या वाट्याची चार एकर जमीन होती. ती तापानं पडली. तालुक्याचा डॉक्टर बैलगाडीनं आणता आला असता. ओसरीवर पुरुष बसले आणि ठरलं, आता कशाला त्रास द्यायचा? तिलाही घोंगडीवर घेतलं, गंगाजल घातलं, भजनही झालं. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही मरणं सारखीच दिसली असतील. "तिले कोनं इचारलं रे बाबू?" आजी म्हणाली, आणि सुपातले तांदूळ पुन्हा निवडू लागली.

'पूर्वी माणसं घरी शांतपणे मरत, सरकारनं नसता घोळ घातला' असं कुणी म्हटलं की मला आजीची ही जाऊ आठवते. घर म्हणजे रुग्ण नव्हे. घराला स्वतःचा लोभ असतो, थकवा असतो, कर्ज असतं. म्हणून मधे कुणीतरी परकं उभं असावं, असं मला वाटतं.

अर्थात परक्यानं किती अडवावं, यालाही मर्यादा हवी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 27 नोव्हेंबर 1973च्या हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. त्यांची मर्जी कळण्याचा मार्गच उरला नव्हता. पत्रकार पिंकी विराणी त्यांच्या सुटकेसाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तर वर्षानुवर्षं अरुणांना भरवणाऱ्या परिचारिकांनी ठाम विरोध केला. 7 मार्च 2011च्या निकालानं विराणींची मागणी फेटाळली, पण जीवरक्षक उपचार थांबवण्याचा रस्ता उच्च न्यायालयाच्या परवानगीनं खुला केला. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियानं गेल्या.

9 मार्च 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, पण त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही मागितली. आमच्या गावातून न्यायदंडाधिकारी गाठायला कोण जाणार होतं? 24 जानेवारी 2023 रोजी ही अट शिथिल झाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. उपचार थांबवायचे की नाही हे आधी रुग्णालयाचं तीन डॉक्टरांचं मंडळ ठरवतं, मग दुसरं मंडळ तपासतं. शक्यतो प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांत. दुसऱ्या मंडळात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला असतो. आजीच्या जावेच्या वेळी ओसरीवर असाच एक माणूस हवा होता, ज्याला त्या चार एकरांशी देणंघेणं नाही.

माझ्या मामांच्या वेळी मात्र दाराशी अडलो. एका मोठ्या रुग्णालयात ते व्हेंटिलेटरवर होते. नळ्या नकोत, हे त्यांनी आयुष्यभर अंगणात बसून सगळ्यांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "लेखी आहे?" नव्हतं. दोन मंडळांचं नाव काढल्यावर व्यवस्थापनातल्या बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू आम्ही त्यांच्याकडे होमहवनाची परवानगी मागतोय. नियम होता, तो चालवणारं कुणी नव्हतं. माझी सरकारवरची तक्रार एवढीच आहे.

गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 31 मे 2024 रोजी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून इतरांना वाट दाखवली. तुमच्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अशा इच्छापत्राची प्रत सांभाळायला कोण नेमलंय, हे जाऊन विचारा; नेमलं नसेल तर अर्ज द्या. आणि घरातला पहिला कागद आईचा करा, वडिलांचा नंतर. पण लिहायला बसण्याआधी इतरांना खोलीबाहेर पाठवा आणि तिला एकटीला विचारा.